शेवट न बघणारा माणूस

"टोपी काढायला एवढा वेळ लावणारा माणूस सरळ असूच शकत नाय."

माझ्या घरमालकांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी खोली बघायला गेले होते. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली, बाथरूम आत, पाणी चोवीस तास (हे साफ खोटं निघालं), असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. दार काकूंनी उघडलं. आत खाटेवर लेंगा-बंडी घातलेला उंच, हाडकुळा म्हातारा टीव्हीसमोर बसलेला. टीव्हीवर जुना काळा-पांढरा इंग्रजी पिक्चर, आणि आवाज पूर्ण बंद. एक सुटाबुटातला गोरा माणूस दारात उभा राहून डोक्यावरची टोपी काढत होता. काढत होता म्हणजे काढतच होता.

"नमस्कार काका, खोली बघायची होती," मी म्हणलं.

"बघशील. आधी हे बघ. बस."

आता तुम्हीच सांगा. मी अंबडकडच्या खेड्यातून आलेली, शेंद्र्याच्या कंपनीत नुकतीच लागलेली एकटी पोरगी. शहरातल्या घरमालकांबद्दल आईनं निघताना जेवढं सांगितलं होतं, तेवढं तिनं माझ्या जन्मात मला सांगितलं नव्हतं. आणि हा बाबा डिपॉझिट सोडून, आधार कार्ड सोडून, मला पिक्चर बघ म्हणतोय! मी दाराजवळची खुर्ची धरली. दार उघडं आहे ना ते बघितलं. काकू समोरच मेथी निवडत बसल्यात ना ते बघितलं. मैत्रिणीला पत्ता पाठवला आणि थोड्या वेळानं फोन कर म्हणून लिहिलं.

काकूंनी चहा आणून दिला. मी पडद्याकडं बघायला लागले. पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की म्हातारा पडद्याकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. टक लावून, डोळे बारीक करून, भाजीवाल्यानं नोट उजेडात धरावी तसा. मनात म्हणलं, चहा संपव आणि पळ इथून.

तेवढ्यात पडद्यावर कोणीतरी कोणाला तरी जिन्यावरून ढकललं. मी दचकले. काकांनी टीव्ही बंद केला.

"अहो, संपला नव्हता," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"ऱ्हाऊ दे. खोली दिली."

"काय?"

"दिली म्हणलं ना. चावी घे तिच्याकडून."

काकू मेथीवरची नजरही न उचलता म्हणाल्या, "घाबरू नको बाई. मलाबी असंच बघून आणलंय. तवा टीव्ही नव्हता एवढंच."

खोली का दिली ते मला पुढं कितीतरी महिन्यांनी कळलं. "तो माणूस जिन्यावरून पडला तवा तू दचकलीस," काका म्हणाले, "पण आधी कप खाली ठेवलास, मग दचकलीस. कप सांभाळणारी पोरगी घर सांभाळंल." मी त्यांना सांगितलं नाही, की कप आधीच रिकामा होता आणि मी पळायच्या तयारीत होते.

काका एसटीत तिकीट तपासायला होते. रस्त्यात मध्येच गाडी थांबवून चढणारे चेकर. नोकरी संपली, पण तपासणं संपलं नाही. ते सांगायचे, "गाडीत चढलो की तिकीट नंतर मागायचं. आधी सगळ्यांची तोंडं बघायची. ज्याच्यापाशी तिकीट नाय, त्यो खिडकीतून भायेर बघतो. आन् लईच हुशार असला तर तुझ्याकडं बघून हसतो." मी म्हणलं, "आणि जो झोपलेला असतो?" तर म्हणाले, "गाडी थांबल्यावरबी जो झोपलेला ऱ्हातो, त्याला आधी उठवायचं."

असा माणूस रिटायर झाल्यावर करणार काय? गल्लीतले बाकीचे म्हातारे देवळात गेले, ओट्यावर बसले, व्याह्यांच्या तक्रारी करायला लागले. काकांनी इंग्रजी पिक्चर धरले. तेही जुनेच. रंगीत पिक्चर लागला की लगेच बदलायचे. "रंग आला की माणूस लपतो," म्हणायचे. "काळ्या-पांढऱ्यात लपायला जागा नाय. एक तर उजेडात ये, न्हाय तर अंधारात जा."

इंग्रजी त्यांना किती येत होतं, देव जाणे. गाड्यांवरच्या पाट्या वाचण्यापुरतं येत असावं. पण त्यांना त्याची गरजच नव्हती. आवाज ते पहिल्याच मिनिटाला बंद करायचे. खाली लिहून आलेलं वाचायचं नाही, हा दुसरा नियम. "बोलणं कशाला ऐकायचं? बोलूनच तर माणूस फसवतो. आन् त्यो बाजा! बाजा वाजायला लागला की समजायचं, आपल्याला रडवायचा डाव हाय."

त्यांची मतं ऐकताना मला आधी हसू यायचं, मग हळूहळू मलाच तसं दिसायला लागलं. या पिक्चरमधली माणसं फोन ठेवताना कधी 'ठेवते' म्हणत नाहीत. आपल्याकडं बघा, "बरं मग, ठेवते, हां, सांभाळून राहा, हां, ठेव" यातच अर्धा फोन जातो. तिकडं धाडकन ठेवून मोकळे. काका म्हणायचे, "जो 'ठेवतो' म्हणत नाय त्याच्या मनात कायतरी ठेवलेलं असतंय." या माणसांना कधीच कोणी पोटभर जेवताना दाखवत नाही. ताट पुढं येतं, दोन घास खातात, आणि भांडून उठतात. काकांना त्याचा भयंकर राग. "भरल्या ताटावरून उठतोय बघ. ह्याच्या हातून काय चांगलं व्हणार?" आणि दरवाजे! कोणी येतं, आत शिरतं, दार उघडंच. एवढे खून पडतात, पण कडी लावायचं कोणाला सुचत नाही. "मरणारच मग," काका म्हणायचे. "मेल्याला कडी लावता येत नाय का?"

हिरो-हिरॉईन जवळ यायला लागले की मात्र काका लगबगीनं उठायचे आणि टाकीत पाणी किती आहे ते बघायला गच्चीवर जायचे. काकू म्हणायच्या, "ह्या इंग्रजांमुळं आपली टाकी कधी भरून वाहिली नाही."

संशय नुसता पिक्चरपुरता असता तर ठीक होतं. पण घरी येणारा प्रत्येक माणूस काकांनी त्या टीव्हीसमोर बसवलेला. गॅसवाला, नळ दुरुस्त करणारा, विम्याचा माणूस, सोसायटीची वर्गणी मागायला आलेली पोरं. "बस, हे एवढं बघ." आणि स्वतः बघायचे त्याच्या तोंडाकडं. कोण कुठं हसतो, कोण कुठं मान वळवतो, बाई रडायला लागली की कोण मोबाईल काढतो. मग माणूस गेल्यावर निकाल. "ह्याला घरात एकटं सोडायचं नाय." "हा बायकोला मारत असंल." "हा चांगला हाय, पण उसनं दिलेलं विसरतो."

आता यातलं खरं किती निघायचं, तेही सांगते. खालच्या गाळ्यासाठी एक माणूस आला. चांगला, गरीब चेहऱ्याचा, शिवणकामाची दोन मशीन टाकणार होता. पिक्चरमधली विधवा रडत असताना त्याला बिचाऱ्याला शिंक आली. काकांनी नाही म्हणलं. "रडणं बघून शिंकतो? मन लपवायलाय." दुसरा आला, त्याचे डोळे बरोबर जागच्या जागी पाणावले. त्याला गाळा दिला. तो सहा महिन्यांत बोअरची मोटार काढून घेऊन पळाला. मी ऑफिसातून आले तर काकू कपाळाला हात लावून बसलेल्या, आणि काका मोटारीच्या रिकाम्या जागेकडं बघत उभे. मी म्हणलं, "काका, तुम्ही तर म्हणाला होता सोन्यासारखा माणूस आहे."

"तोंडात त्याच्या खोट नव्हती," काका म्हणाले. "मोटारीतच कायतरी असंल."

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकत होती. काका कुठलाच पिक्चर शेवटपर्यंत बघायचे नाहीत. सगळे धागे जुळत आले, पोलीस जिना चढायला लागला, आता कळणार कोणी केलं, की यांचा हात रिमोटवर. टक. पडदा काळा. मी तर वैतागायचे. कंपनीत दिवसभर वस्तूतले दोष शोधून आलेली मी, घरी आल्यावर निदान खुनी कोण हे तरी कळू द्या!

"अहो काका, शेवटची दहा मिनिटं राहिली होती."

"शेवट कंपनीवाले चिकटवतात," ते म्हणायचे. "लोकांना बरं वाटावं म्हणून. खरं काय व्हायचं ते मधेच होऊन गेलेलं असतं."

मी वर जाऊन मोबाईलवर शेवट बघून घ्यायचे. पण त्यांना सांगितलेलं चालायचं नाही. एकदा जिन्यातून ओरडून सांगितलं, "काका, माळ्यानं केला खून!" तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हे नुसतं विक्षिप्तपण नाही. काहीतरी आहे. सतत संशय घेणाऱ्या माणसाच्या घरात राहून मलाही संशयाची सवय लागली होती.

त्यातून एक पिक्चर असा होता, की तो ते पुन्हा पुन्हा लावायचे. मोठं घर, मधोमध जिना. नवरा मेलेली एक बाई, तिचा दीर, एक डॉक्टर आणि एक म्हातारी नोकराणी. नवऱ्याला कोणीतरी मारलंय आणि मारणारा या घरातलाच आहे. हा लागला की काका माझ्या तोंडाकडंही बघायचे नाहीत. नुसते पडद्याकडं बघत बसायचे, आणि ठरलेल्या जागी बंद करायचे. मी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं, कोणी केलं असेल?"

"दिरानं," ते लगेच म्हणाले. "घरातलाच असतो. धाकटाच असतो."

ते ज्या आवाजात म्हणाले, त्यानंतर मी काही विचारलं नाही.

त्यामागचं कारण मला काकूंनी सांगितलं. भाजी निवडता निवडताच सांगितलं, कारण त्या बाईचे हात कधी थांबायचेच नाहीत.

काका मूळचे देवगाव रंगारीचे. दोघं भाऊ. काका थोरले, दुसरा त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. आई दवाखान्यात होती, शहरात आणलेली. दोघं भाऊ दवाखान्यातच झोपायचे. एक दिवस आईला जरा बरं वाटलं. ती म्हणाली, पोरांनो किती दिवस इथं बसाल, जरा फिरून या. काकांना तेव्हापासूनच इंग्रजी पिक्चरचा नाद. सकाळच्या खेळाला असले जुने पिक्चर लागायचे, स्वस्तात. दोघं सायकलवर डबलसीट गेले. पिक्चर शेवटाला आला आणि दरवाज्यावरचा माणूस बॅटरी मारत आत आला. "देवगाववाले दो भाई कौन हैं रे? बाहर आओ, दवाखाने से बुलावा है."

दोघं बाहेर आले. निरोप घेऊन आलेला माणूस रिक्षा घेऊनच आला होता, पण तीत आधीच दोघं बसलेले, जागा एकाचीच होती. धाकटा म्हणाला, "दादा, तू हो पुढं. मी सायकल घेऊन आलोच." काका पोचले तेव्हा आई होती. पाण्याचे दोन घोट त्यांच्या हातून घेतले तिनं, आणि धाकट्याचं नाव घेत गेली. धाकटा आला तो ती गेल्यावर. सायकल पंक्चर झाली म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ह्यांनी भायेर जाऊन सायकलचं चाक दाबून बघितलं," काकू म्हणाल्या. "टणक होतं."

म्हणजे मायची माती व्हायच्या आधी हा माणूस जाऊन सायकलचं चाक दाबून आला! पण तेच तर काका होते. तिकीट मागायच्या आधी तोंड बघणारे.

"आणि विचारलं नाही त्याला? की कुठं होतास?"

"एकदाबी नाय. चाळीसच्या वर वर्षं झाली. मनातच धरून बसले. आम्ही शहरात आलो, शेती त्यानं केली. दिवाळीला धान्य यायचं. तेवढंच. त्याच्या थोरल्या पोराचं लग्न झालं, मधलीचं झालं. हे गेले नाहीत, मला जाऊ दिलं नाही. ह्यांचं एकच. मी मायपाशी होतो तवा ह्यो पिच्चरचा शेवट बघत बसला."

मी एकदा हिंमत करून काकांनाच विचारलं. "सरळ विचारून टाकायचं ना काका."

ते माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायला लागले. "इचारल्यावर माणूस उत्तर देतो. उत्तरावर कोण भरवसा ठेवतो?"

मग तो फोन आला. धाकट्याच्या शेवटच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. तो स्वतः कुंकू लावायला, आमंत्रण द्यायला रविवारी येणार होता. लग्नात थोरल्या चुलत्याचा मान असतो, आणि त्याच्या घरातलं हे शेवटचं लग्न. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि सांगितलं, "ह्या पोरीच्या लग्नाला मी जाणार. तुम्ही यायचं तर या. न्हाय तर बसा तुमच्या टोपीवाल्यांपाशी."

शनिवारी काका जिना चढून वर माझ्या दारात आले. गच्चीवर जाता-येताना ते कधी माझ्या दाराशी थांबले नव्हते.

"तुझं एक काम हाय," म्हणाले. "त्यो जिन्याचा पिक्चर पूर्ण बघ. शेवटासकट. उद्या मी त्याला तोच दाखवणार."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई गेली त्या दिवशी दोघं भाऊ बघत होते, तो पिक्चर हाच! "काका!"

"ज्यानं शेवट बघितलाय त्याला पुढं काय व्हणार ते माहीत असतंय. तोंडावर दिसतंच. तू बघ त्याच्या तोंडाकडं."

"तुम्हीच बघा की. तुमच्याएवढं कोणाला कळतंय?"

ते कठड्याला धरून उभे होते. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती चालू होईना. काका तिकडं बघत म्हणाले, "रक्ताचं माणूस हाय, बाई. माझे डोळे मला पायजे तेच दाखवतील. शेवट बघितला नसंल, तर मी लग्नाला जातो. बघितला असंल, तर न्हाय."

हे काय ओझं माझ्या डोक्यावर! मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून माझ्यानं नाही म्हणवलं नाही. रात्री मी पिक्चर पूर्ण बघितला. सगळे लोक जिन्याच्या खाली जमतात, पोलीस वर बघायला लागतो, सगळ्यांच्या नजरा जिन्यावर. आणि तेवढ्यात मागचं दार उघडतं आणि खरा खुनी आत येतो. डॉक्टर. हातात पिस्तूल. मला अजिबात वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी धाकटे काका आले. मी मनात कोणीतरी बेरकी माणूस धरून बसले होते. आला तो डोक्याला उपरणं गुंडाळलेला, उन्हानं रापलेला, अंग चोरून चालणारा माणूस. सोबत कणसांची पिशवी. वहिनीच्या पाया पडला, थोरल्याच्या पाया पडला. मी कोण ते माहीत नसताना माझ्याही पाया पडायला निघाला होता, मी मागं सरले. "वैनी, तब्येत कशी हाय?" "दादा, बरा हायेस ना?" प्रत्येक वाक्यानंतर दादाच्या तोंडाकडं बघायचा आणि नजर खाली.

"बस," काका म्हणाले. "हे एवढं बघ."

पिक्चर लागला. जिना दिसला तसा धाकट्या काकांचा हात मांडीवरच थांबला. काका टीव्हीकडं बघत होते, काकू दारात उभ्या होत्या, मी कोपऱ्यातून धाकट्या काकांकडं बघत होते. मनात देवाला म्हणत होते, याला काहीही आठवू देऊ नको.

ठरलेली जागा आली. या वेळी काकांचा हात रिमोटवर गेला नाही. पिक्चर पुढं चालू राहिला. सगळे लोक जिन्याखाली जमले. पोलीस वर बघायला लागला. सगळ्यांच्या नजरा जिन्यावर.

धाकटे काका पडद्यावरच्या दाराकडं बघत होते. मागच्या दाराकडं. ते दार अजून उघडलं नव्हतं.

काकांनी टीव्ही तिथंच थांबवला. "जरा आत ये," मला म्हणाले.

स्वयंपाकघरात गेलो. मी ठरवूनच टाकलं होतं. खोटं बोलायचं. एका पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, सांगायचं की नाही काका, त्याला काही माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "कळलं."

माझ्याच तोंडावर दिसलं होतं त्यांना. मी कशी इतकी बावळट! एवढे दिवस त्यांच्यासमोर बसून मला माझं तोंड सांभाळायची अक्कल आली नाही.

ते बाहेर गेले. मी मागं. आता हा माणूस उठून दार दाखवणार, असंच मला वाटलं. ते भावासमोर उभे राहिले. आणि ज्या माणसानं चाळीस वर्षं काही विचारलं नव्हतं, त्यानं विचारलं.

"शेवट बघितला होतास तू."

धाकटे काका खाली बघत होते. उपरणं सोडून त्यांनी हातात घेतलं होतं. "व्हय, दादा."

"सायकल पंक्चर नव्हती."

"नव्हती." मग उपरण्याची घडी घालत म्हणाले, "मी सायकलपाशी गेलतो, दादा. कुलूप काढलं. मला कळलं होतं ना, कशाला बोलावलंय ते. रिक्षा घेऊन कोण येतंय उगं? मला जाववंना. परत आत जाऊन बसलो. अंधारात."

"का?" काका ओरडलेच. "का पण?"

"पिच्चर चालू होता ना. मला वाटलं, ह्यो चालू हाय तवर माय हाय." ते रडायला लागले. म्हाताऱ्या माणसानं तसं मोठ्यानं रडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. "म्या देवाला म्हणत होतो, ह्यो संपू नको. पडद्याकडं बघत होतो आन् म्हणत होतो, संपू नको, संपू नको. संपला, दादा. दिवे लागले."

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"तू एकदा इचारायचं तरी होतंस," धाकटे काका म्हणाले. "मी रोज वाट बघायचो. आज इचारील, उद्या इचारील. तू नुसता बघायचास."

काका खाटेवर बसले. एवढी वर्षं त्यांचा संशय खरा होता. शेवट बघितला होता त्यानं. चाक टणकच होतं. सगळं बरोबर ओळखलं होतं काकांनी, फक्त भाऊ ओळखला नव्हता. मला त्यांची इतकी दया आली, आणि त्याच वेळी इतका राग आला, की काय सांगू. एक प्रश्न विचारायला माणसाला एवढं आयुष्य लागावं?

मग मान वर करून ते म्हणाले, "कोणी केला रे खून?"

धाकट्या काकांना आधी कळलंच नाही. मग नाक पुसत म्हणाले, "डॉक्टरनं."

"डॉक्टर? मला दीर वाटला होता."

"त्यानं कशाला करावा, दादा? त्यो बिचारा सगळ्या पिच्चरभर घाबरून बसलेला असतोय."

काकांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "लाव पुढं." मी रिमोट घेतला. "आवाज सोड," म्हणाले. मी आवाज सोडला. त्या घरात पहिल्यांदाच त्या गोऱ्या माणसांचा आवाज ऐकू आला, बाजाही वाजायला लागला. दार उघडलं, डॉक्टर आत आला, पिस्तूल, आरडाओरडा, पोलिसांनी धरला, विधवेनं दिराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि संपलं. एवढा वेळ काका कोणाच्याही तोंडाकडं न बघता पडद्याकडं बघत होते. धाकटे काका त्यांच्या शेजारी खाटेवर कधी येऊन बसले, ते मलाही कळलं नाही.

पडदा काळा झाला. काकांनी डोळे पुसले, घसा साफ केला.

"शेवट चिकटवलेला वाटतोय," म्हणाले.

"लई भंगार हाय," धाकटे काका म्हणाले. "मला तवाच वाटलं होतं."

मग काकांनी त्यांच्याकडं वळून बघितलं. टक लावून नाही, नुसतंच.

"लग्न किती तारखेला म्हणलास?"

तारीख काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितली. त्यांची बॅग कधीची भरून ठेवलेली होती.